लॅपटॉपमध्ये कंपनीच्या लिमिटपेक्षा जास्त रॅम: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सारखे येऊन राहिले, कधी फोनवर, कधी कोणी लॅपटॉप बॅगेत घालून थेट घरीच येते, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून टाकतो. विचारणारे बहुतेक शिकणारी पोरं-पोरी आहेत, बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतलेला सात-आठ वर्षं जुना रिफर्बिश्ड लॅपटॉप, तसा मस्त चालते, पण ब्राउझर आणि अँड्रॉइड स्टुडिओ सोबत उघडला की जागेवर बसते, आणि कंपनीच्या साइटवर पाहिलं तर लिहून आहे की यात ८ जीबीच्या वर रॅम लागत नाही. त्या एका ओळीवर भरवसा ठेवून नवा लॅपटॉप घ्यायला निघू नका, घरच्यांचे चाळीस-पन्नास हजार घालायच्या आधी हे वाचा.

कंपनीच म्हणते मॅक्सिमम ८ जीबी, मग १६ कशी काय चालेल?

कारण तो आकडा बहुतेक वेळा मशीनची ताकद सांगतच नाही, लॅपटॉप बाजारात आला त्या दिवशी कंपनीनं काय टेस्ट केलं होतं तेवढंच सांगते. समजा २०११ मध्ये लॅपटॉप आला, दोन स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) आहेत, त्या वेळी सहज मिळणारी सगळ्यात मोठी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, ४ जीबीची, तर कंपनी लिहिणार ८ जीबी. पुढं ८ जीबीच्या स्टिक स्वस्त झाल्या पण जुन्या मॉडेलचं पान कोण परत उघडून दुरुस्त करते, कंपनीचं लक्ष नव्या मॉडेलवर गेलेलं राहते.

थिंकपॅड एक्स२२० हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. लेनोवोनं ८ जीबी लिहिलं, पण आतल्या दुसऱ्या जनरेशनच्या आय५ प्रोसेसरच्या इंटेलच्या पानावर १६ लिहून आहे आणि प्रत्यक्षात १६ बिनधास्त चालते. २०११ च्या मॅकबुक प्रोचं तेच, अ‍ॅपल म्हणते ८, चालतात १६. थिंकपॅड टी४८० वर लिहून ३२, लोक ६४ टाकून वर्षानुवर्षं वापरून राहिले. अलीकडच्या स्वस्त मशीनमधला इंटेल एन१०० घ्या, अधिकृत १६, पण ३२ ची एक स्टिक त्यात आरामात उठते.

म्हणजे काहीही टाका, चालेल असं मात्र बिलकूल नाही. खरी लिमिट पण असते, ती कुठं असते ते समजून घेतलं की पैसे वाया जात नाहीत.

मग खरी लिमिट ठरवते कोण?

चार जण मिळून ठरवतात आणि त्यातला सगळ्यात कमजोर जो, त्याचं चालते.

पहिला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग. जुन्या कोअर टू ड्युओच्या काळात हा मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये राहायचा, आता प्रोसेसरच्या आतच असतो. याची लिमिट खरी लिमिट, तिला उपाय नाही. इंटेल ९४५ चिपसेटचे जुने लॅपटॉप अजूनही कोणाकोणाच्या घरी आहेत, त्यात ४ जीबी लावली तरी साधारण ३ च दिसते, विंडोज ६४ बिट टाका नाहीतर लिनक्स टाका, कारण वरचे पत्ते त्या चिपसेटला मोजताच येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टिकवरच्या एकेका काळ्या चिपची डेन्सिटी, म्हणजे एका चिपमध्ये किती मावते ते, आणि इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात. ८ जीबीच्या डीडीआर३ (रॅमची जुनी पिढी) स्टिकवर दोन्ही बाजू मिळून सहसा १६ चिप असतात, प्रत्येक ४ गिगाबिटची, १६ गुणिले ४ म्हणजे ६४ गिगाबिट, म्हणजेच ८ जीबी (८ गिगाबिटचा १ जीबी होते). १६ ची स्टिक बनवायची तर तेवढ्याच जागेत ८ गिगाबिटच्या चिप बसवाव्या लागतात, आणि इंटेलच्या तिसऱ्या, चौथ्या जनरेशनच्या कंट्रोलरला त्या चिप समजत नाहीत. पाचव्या जनरेशनला समजतात. म्हणून दिसायला जुळे भाऊ असलेले दोन लॅपटॉप, थिंकपॅड एक्स२४० आणि एक्स२५०, दोघांनाही एकच स्लॉट, पण एक्स२४० हा ८ वरच थांबते आणि एक्स२५० मध्ये १६ ची स्टिक चालते. दुकानदार म्हणाला "सेमच आहे हो" तरी मॉडेल नंबर स्वतः वाचा.

तिसरा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन चालू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम. प्रोसेसर तयार असला तरी बायोसला नवी मोठी स्टिक ओळखता आली पाहिजे, म्हणून रॅम घ्यायच्या आधी जुन्याच रॅमवर बायोस अपडेट करून घ्या, चार्जर लावून आणि बॅटरी भरून, कारण मधातच लाइन गेली तर बोर्ड जाऊ शकते. २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक २०२३ मध्ये बाजारात आल्या, त्यांच्यासाठी तर जुन्या बायोसवर बऱ्याच मशीन उठतच नाहीत आणि अपडेटनंतर उठतात.

चौथी विंडोज, तिचं खाली वेगळं लिहिलं.

माझ्या लॅपटॉपचं कसं शोधू?

आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव पाहा, नुसतं आय५ नाही, त्यापुढचा अख्खा नंबर. इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर त्या नंबरचं पान उघडा, तिथं मॅक्स मेमरी साइझ, मेमरी टाइप आणि चॅनल लिहिलेले असतात. लॅपटॉप कंपनी ८ म्हणते आणि प्रोसेसरचं पान १६ म्हणते, तर तुमचं काम बहुतेक होते.

मग स्लॉट. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी, खाली स्लॉट्स यूज्ड दिसते, पण त्यावर आंधळा विश्वास नको कारण बोर्डवर सोल्डर केलेली (कायमची चिकटवलेली) रॅमसुद्धा विंडोज कधी कधी स्लॉट म्हणून मोजते. सर्व्हिस मॅन्युअल डाउनलोड करून त्यातला फोटो पाहा नाहीतर मागचं कव्हर उघडून डोळ्यानं पाहा. कमांड प्रॉम्प्टवर मॅक्स कपॅसिटी काढायची जी कमांड इंटरनेटवर फिरते तिचं उत्तर केबीमध्ये येते, ३३५५४४३२ आलं म्हणजे ३२ जीबी, आणि हा आकडा बायोसच्या टेबलमधून येते, म्हणजे तो पण कंपनीनंच लिहिलेला. त्याला पुरावा समजू नका, कोणाच्या मशीनमध्ये तो खऱ्यापेक्षा कमी असते, कोणाच्यात जास्त.

शेवटचं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे तुमच्याच मॉडेलवर, तुमच्याच प्रोसेसरवर कोणी तेवढी रॅम लावली का ते शोधा. "चालायला पाहिजे" असं लिहिणारे खूप भेटतील, ते सोडा, "लावली, बायोसमध्ये दिसते, महिन्यांपासून वापरतो" असं लिहिणारा एक जरी भेटला तरी पुरे.

प्रोसेसरच्या पानावरच ३२ लिहून आहे, तरी ६४ चालू शकते?

कधी कधी हो. आठव्या जनरेशनचा आय५-८२५०यू घ्या, इंटेल म्हणते ३२. तो प्रोसेसर २०१७ चा आणि ३२ जीबीची लॅपटॉप स्टिक सामान्य बाजारात आली २०१९ च्या सुमारास, म्हणजे १६ च्या दोन स्टिक हाच तेव्हाचा हिशेब होता. टी४८० मध्ये ६४ चालते ते याच प्रोसेसरवर. इंटेलनं स्वतः नवव्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा आकडा नंतर ६४ वरून १२८ केला, चिप तीच होती. पण हे जनरेशननुसार बदलते, तिसऱ्या-चौथ्याचं वर सांगितलंच, तिथं कागदावरचा आकडा हीच भिंत आहे.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये काय फरक, कोणतीही लावली तर?

व्होल्टेजचा फरक. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, ३एल ला १.३५. ३एल ची स्टिक १.५ वर पण चालते म्हणून जुन्या मशीनमध्ये ती लावता येते, उलटं नाही, चौथ्या जनरेशनपासूनचे लॅपटॉप ३एलच मागतात आणि साधी डीडीआर३ लावली की काळी स्क्रीन. लेबलवर पीसी३ च्या पुढं एल आहे की नाही ते वाचा, एवढंसं अक्षर आहे पण सगळा खेळ त्याचा. डीडीआर४ (१.२ व्होल्ट) आणि डीडीआर५ (१.१ व्होल्ट) यांचे खाचे वेगळ्या जागी असतात, ते चुकून बसतच नाहीत, जोर लावू नका.

स्लॉटच नाही, रॅम बोर्डवर चिकटवलेली आहे. काही होऊ शकते?

नाही. पातळ लॅपटॉप, एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी) रॅमवाले बहुतेक सगळे, २०१२ पासूनचे रेटिना मॅकबुक प्रो, एम१ आणि पुढचे सगळे मॅक, यात तुम्ही काहीच वाढवू शकत नाही. चिप काढून मोठी चिप बसवणारे कारागीर आहेत, पण त्यासाठी बोर्ड तापवावं लागते, बायोसमध्ये पण बदल करावे लागतात, आणि बिघडलं की पूर्ण बोर्डच गेलं. कॉलेजचा डेटा असलेल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर हे करू नका, माझं मत पक्कं आहे. म्हणून नवा घेतानाच विचारा की रॅम स्लॉटमध्ये आहे का सोल्डर्ड, आणि सोल्डर्ड असेल तर आज लागते त्याच्या दुप्पट घ्या.

४ जीबी सोल्डर्ड आणि एक स्लॉट आहे. त्यात १६ लावली तर?

२० होते आणि चांगलं चालते. जोडी जमत नाही म्हणून लोक उगाच घाबरतात. दोन्हीकडचे ४-४ मिळून ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (एकदम दोन रस्त्यांनी) पळते आणि उरलेले १२ सिंगलमध्ये, रोजच्या कामात हे जाणवत नाही. जाणवलंच तर गेममध्ये, कारण बिल्ट-इन ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते याच रॅमवर जगते आणि त्याला ड्युअल चॅनलचा मोठा फायदा होते. अशा लॅपटॉपमध्ये कंपनी जो मॅक्सिमम लिहिते तो स्लॉटमध्ये त्या वेळी टेस्ट केलेल्या स्टिकवरूनच, तेव्हा वरचेच नियम लागू.

वेगवेगळ्या स्पीडच्या स्टिक सोबत चालतात का?

चालतात, कमी स्पीडवाल्याच्या चालीनं दोघीही चालतात. ३२०० ची स्टिक २४०० च्या लॅपटॉपमध्ये २४०० वर चालेल, त्यात नुकसान काही नाही आणि आता ३२०० च सहज मिळते. लेबलवर २आरएक्स८, १आरएक्स८, १आरएक्स१६ असं काही छापलेलं असते, जुन्या मशीनसाठी एक्स१६ वाली टाळा, मोठ्या चिप असल्यानं नाकारली जायची भीती तिचीच जास्त आणि वेगातही ती मागे पडते.

लावताना लॅपटॉप खराब तर नाही होणार?

जास्त जीबी लावल्यानं लॅपटॉप जळत नाही. व्होल्टेज तेच आहे, कंट्रोलरला स्टिक समजली तर उठेल, नाही समजली तर उठणार नाही, काढली की परत जसाचा तसा. खरी भीती लावायच्या पद्धतीत आहे.

आपल्या नागपुरात स्टॅटिकचं, म्हणजे अंगावर साठणाऱ्या विजेचं, मनावर घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी होते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसते, थंडीतल्या स्वेटरचं पण तेच. तुम्हाला बारीक चटका वाटते तेवढ्यात मेमरी चिप मरू शकते. कॉटनचे कपडे घाला, सतरंजी-गादीवर बसून काम करू नका, लाकडी टेबलावर करा, आधी नळाला किंवा एखाद्या मोठ्या लोखंडी वस्तूला हात लावून घ्या, आणि स्टिक कडेनं धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. कूलरच्या झोतात पण बसू नका, पाण्याचे तुषार उडतात.

चार्जर काढा, बॅटरी डिस्कनेक्ट करा. आत बसवलेली बॅटरी असेल तर थिंकपॅडसारख्या मशीनच्या बायोसमध्ये ती तात्पुरती बंद करायचा ऑप्शन असते, तो वापरा. मग स्टिक तिरपी धरून साधारण ३० अंशात स्लॉटमध्ये सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, आणि मगच खाली दाबा, दोन्ही बाजूच्या क्लिपांचा टक् आवाज आला पाहिजे. एकाच बाजूचा आला तर काढून परत बसवा. अर्धवट बसलेली स्टिक चालू करणं हे मोठी स्टिक लावण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे.

लावली, पण स्क्रीन काळी आहे. आता?

आधी थांबा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मशीन मेमरी ट्रेनिंग करते, म्हणजे नव्या स्टिकसोबत टायमिंग जुळवते, डीडीआर५ मध्ये तर यात मिनिट-दोन मिनिटं जाऊ शकतात, काही जण वीस सेकंदात घाबरून बटण दाबतात आणि मग प्रत्येक वेळी पहिल्यापासून. पाचेक मिनिटं होऊ द्या.

तरी नाही तर पॉवर पूर्ण काढून बटण तीसेक सेकंद दाबून धरा, नवी स्टिक एकटी लावून पाहा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी, मग जुनीसोबत. पट्ट्या साफ करायच्या असतील तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड, सगळीकडे जो खोडरबर सांगतात तो मला पटत नाही, त्याचे कण स्लॉटमध्ये जातात आणि घासण्यानं स्टॅटिकही तयार होते. एकटी स्टिक कोणत्याच स्लॉटमध्ये उठली नाही आणि जुनी मात्र लगेच उठते, तर एकदा दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहा, तिथं चालली म्हणजे तुमच्या कंट्रोलर किंवा बायोसला ती नको आहे, वाद घालण्यात अर्थ नाही, परत करा.

बायोसमध्ये १६ दिसते पण विंडोजमध्ये कमी. का?

सगळ्यात पहिलं, विंडोज ३२ बिट तर नाही ना. ३२ बिट असेल तर कितीही लावा, ४ च्या आतच वापरेल, आणि जुन्या मशीनवर कोण्या दुकानदारानं टाकून दिलेली ३२ बिट मी आजही पाहतो. विंडोज ७ होम बेसिकची लिमिट ८ जीबी आणि होम प्रीमियमची १६ होती. विंडोज १० होम ६४ बिटला १२८ पर्यंत अडचण नाही. मग एमएसकॉन्फिगमध्ये बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं मॅक्सिमम मेमरीवर टिक असेल तर काढा. थोडी रॅम हार्डवेअर रिझर्व्ड दिसणं बरोबरच आहे, ग्राफिक्सचा वाटा असतो तो, एएमडीच्या रायझनवाल्यांमध्ये कधी २ जीबीपर्यंत.

चालू झाला म्हणजे झालं ना?

नाही, आणि याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं समजा. लिमिटच्या वर गेलात म्हणजे कंपनीनं जे टेस्टिंग केलं नाही ते आता तुम्हाला करायचं आहे. चालू झाला, १६ दिसली, म्हणून दुकानदाराला पैसे देऊन मोकळे होऊ नका. रॅम कच्ची असली की ती बंद पडत नाही, चुपचाप चुकीचा डेटा देते, आणि तो चुकीचा डेटा तुमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये, लग्नाच्या व्हिडिओत, टॅलीच्या बॅकअपमध्ये जाऊन बसते, कळते ते कितीतरी दिवसांनी.

मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, दोन्ही फुकट मिळतात, त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या, निदान चार पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. एक एरर म्हणजे सुद्धा फेल. "एवढी मोठी रॅम आहे, एखादी एरर चालते" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, बरोबर रॅमला शून्य एरर येतात.

आणि उन्हाळ्यात एकदा दुपारी पण चालवा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे बारीकसा चार्ज असते, तो गळत राहते आणि कंट्रोलर तो सारखा परत भरत राहते, यालाच रिफ्रेश म्हणतात. चिप जेवढी तापली तेवढा चार्ज लवकर गळते, म्हणून चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेगानं करावा लागते, हे स्टँडर्डमध्येच आहे. खोलीच ४० च्या वर, लॅपटॉप पातळ, फॅनमध्ये धूळ, आणि रॅम प्रोसेसरच्या बाजूला, तर डिसेंबरात पास झालेली काठावरची स्टिक नवतप्यात एरर देऊ शकते. फॅन आधी साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, आणि दुपारची टेस्ट पास झाली की मग निवांत राहा.

बर्डीवरून घेऊ की ऑनलाइन?

कुठूनही घ्या, पण "नाही चालली तर बदलून किंवा परत घ्याल का" हे पैसे द्यायच्या आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लिमिटच्या वरची रॅम घेताना भावापेक्षा ही अट महत्त्वाची. दुकानाचा फायदा हा की लॅपटॉप सोबत नेऊन तिथंच लावून पाहता येते, दुकानदाराला दोन-तीन ब्रँड काढायला सांगता येते, कारण एकाच मशीनमध्ये एका कंपनीची ८ ची स्टिक उठते आणि दुसरीची नाही असं होते. ऑनलाइन घेताना रिटर्नची मुदत पाहा, आणि स्टिक आली की त्याच रात्री मेमटेस्ट लावा, कपाटात ठेवून परीक्षा झाल्यावर पाहू असं करू नका.

जुनी काढलेली स्टिक घ्यायला पण हरकत नाही, डीडीआर३एल साठी तर मी तीच सांगतो. फक्त लेबल उखडून परत चिकटवलेलं वाटलं तर सोडून द्या, आणि सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये जी माहिती दिसते ती लेबलशी जुळते का पाहा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भलतेच चढले आहेत, म्हणून जुना भाव मनात धरून जाऊ नका आणि गरजेपेक्षा जास्त पण घेऊ नका.

मला खरंच एवढी रॅम लागते का?

टास्क मॅनेजर उघडून तुमचं रोजचं काम करा आणि मेमरी किती भरते ते पाहा. ९० टक्क्यांच्या आसपास राहत असेल तर हो. ५०-६० वरच राहते आणि तरी स्लो आहे, तर दोष रॅमचा नाही. हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, हे मी प्रत्येकाला सांगतो, ८ जीबी आणि एसएसडीवाला लॅपटॉप १६ जीबी आणि हार्ड डिस्कवाल्यापेक्षा रोजच्या कामात जास्त फुर्तीनं चालते. टॅली, वर्ड, ऑनलाइन क्लास याला ८ पुरते. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन, व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर १६ घ्याच. ३२ च्या वर ज्याला लागते त्याला ते विचारावं लागत नाही.

वॉरंटी जाते का?

कंपनी आणि मॉडेलवर आहे, वॉरंटीचा कागद वाचा, कव्हरच्या स्क्रूवर स्टिकर आहे का पाहा. सहसा रॅम बदलल्यानं पूर्ण वॉरंटी जात नाही, पण तुम्ही लावलेल्या रॅमची किंवा लावताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनी घेणार नाही. जुनी स्टिक विकू नका, सर्व्हिस सेंटरला नेताना तीच लावून न्या, नाहीतर प्रत्येक दोष तुमच्या रॅमवर टाकला जाईल.

रॅम वाढवली आणि सी ड्राइव्हची जागा कमी झाली, असं कसं?

हायबरनेशनची फाइल, म्हणजे लॅपटॉप झोपवताना रॅममधलं सगळं जिथं ठेवलं जाते ती. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के एवढी राहते, म्हणजे ३२ लावली की १२-१३ जीबी गेले, पेजफाइल पण वाढू शकते. १२८ ची एसएसडी असेल तर हे चांगलंच जाणवते. हायबरनेट वापरत नसाल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ते बंद करा, फाइल लगेच जाते, पण मग फास्ट स्टार्टअप पण बंद होते, एसएसडी असेल तर त्याचा फरक फार पडत नाही.